त्रोंसेच्या ओकांमध्ये तीन दिवस: ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुम्ही दोघं आणि सत्तरीतले आई-बाबा फ्रान्सला येताय. बाबा महाराष्ट्राच्या वनविभागातून निवृत्त झालेले. पॅरिस उरकल्यावर दोन-तीन दिवस एखाद्या जुन्या पानझडी जंगलात पायी फिरायचंय आणि कुणीतरी त्रोंसेचं नाव सुचवलंय. तिथे जावं का, कोणत्या वाटा धराव्यात आणि गाइडशिवाय जमेल का?

जा. गाइडशिवाय जमेल. पण तिथे काय बघायचं ते आधी कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्यातलंच कुणीतरी म्हणेल, "झाडंच तर आहेत." मी गेली बरीच वर्षं या भागात रविवारचे चालणाऱ्यांचे गट नेतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पार्किंगमध्येच त्यावर बोलून घेतो.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या पायांना चढायची सवय असते. वर किल्ला असतो, निदान कडा तरी असतो, आणि माथ्यावर बसून डबा उघडला की ट्रेक सार्थकी लागतो. त्रोंसेत माथाच नाही. समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर पसरलेला, हलके चढउतार असलेला हा प्रदेश आहे. साडेदहा हजार हेक्टरांच्या आसपास जंगल, त्यात बहुतांश ओक. इथे मोठं दृश्य कुठेच मिळत नाही. चाळीस पावलं पुढचं दिसतं, आणि मान वर केली की तीस-पस्तीस मीटर उंचीची सरळसोट खोडं दिसतात. बघायचं असतं ते झाडांचं वय. दर काहीशे मीटरवर जंगलाचं वय बदलतं. वीस वर्षांच्या गचपणातून साठ वर्षांच्या दाटीत, तिथून दीडशे वर्षांच्या मोकळ्या मंडपात आणि नशीब असेल तर साडेतीनशे वर्षांच्या म्हाताऱ्यांत तुम्ही एका सकाळी चालत जाता. हा फरक डोळ्यांना दिसू लागला की इथून पाय निघत नाही.

त्यासाठी इतिहास थोडा माहीत हवा. फ्रान्सच्या बरोबर मधोमध, आलिए जिल्ह्यात हे जंगल आहे. बुर्बाँ घराण्याचा सरसेनापती राजाला सोडून शत्रूला मिळाला. त्याची मालमत्ता सोळाव्या शतकात जप्त झाली आणि हे जंगलही राजाच्या खात्यात आलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं त्याची यथेच्छ लूट झाली. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला आरमारासाठी लाकूड हवं होतं. १६६९ साली वन आणि जल यांच्याविषयीचा मोठा राजआदेश निघाला आणि लगेच त्रोंसेची पाहणी होऊन जंगलाला विश्रांती मिळाली. "कोल्बेरने लावलेले ओक" असं माहितीपत्रकांत सर्रास लिहिलेलं असतं, ते शब्दशः घेऊ नका. कुणी रोपं लावली नाहीत. गुरं बाहेर काढली, तोड बांधून दिली, बाकीचं काम बलुतांनी, म्हणजे ओकाच्या फळांनी केलं. गंमत म्हणजे ते ओक जहाजांच्या मापाचे झाले तोवर जहाजं लोखंडाची होऊ लागली होती.

मधल्या काळात दुसरं संकट आलं. १७८८ साली निकोला रांबूर नावाच्या उद्योजकाने इथे लोखंडाचे कारखाने काढले. भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून जंगलाचा मोठा भाग कापला गेला आणि यंत्रं चालवायला ओढे अडवून तळी केली गेली. १८३०च्या दशकात ब्युफेवाँ नावाच्या वनाधिकाऱ्याने पुन्हा नैसर्गिक पुनरुत्पत्तीचा मार्ग धरला. आज जे भव्य, सरळ ओक तुम्हाला जागोजागी दिसतील, त्यांतले पुष्कळ त्या काळातले आहेत. कोल्बेरच्या काळातली खरी झाडं फार थोड्या जागेत उरली आहेत. "फ्युते कोल्बेर" नावाने तो तुकडा राखून ठेवलाय. फ्युते म्हणजे बियांपासून वाढवलेलं उंच वृक्षांचं रान.

बाबांना हे सगळं माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण त्यांच्या खात्याची अर्धी भाषा इथूनच गेलीय. मेळघाटात किंवा गडचिरोलीत "कूप" म्हणतात ना, यंदा कितव्या नंबरचा कूप तोडीला आला वगैरे? तो विहिरीचा कूप नव्हे. फ्रेंच भाषेत तोडीला "कुप" म्हणतात, इंग्रजीत तो शब्द गेला आणि तिथून आपल्या वनमजुरांच्या तोंडी बसला. भारतातल्या वनसेवेसाठी निवडलेल्या इंग्रज तरुणांना १८६७पासून जवळजवळ वीस वर्षं फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात शिकायला पाठवत असत, कारण इंग्लंडात तेव्हा अशी शाळाच नव्हती. त्रोंसेतल्या एका प्रसिद्ध ओकाचं नावही स्टेबिंग आहे. एडवर्ड पर्सी स्टेबिंग आधी भारतात वनसेवेत होते, नंतर एडिंबरा विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि भारतातल्या जंगलांचा इतिहास त्यांनी तीन खंडांत लिहिला. त्या झाडाखाली बाबांचा फोटो काढल्याशिवाय परत जाऊ नका.

आता वाटा. तिघा-चौघांच्या कुटुंबाने तीन दिवसांत काय करावं, ते मी सांगतो. मात्र नकाशा स्वतः विकत घ्या. फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा एकास पंचवीस हजार प्रमाणाचा कागदी नकाशा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. जंगलात मोबाइलचं नेटवर्क कुठे येतं, कुठे जातं, म्हणून त्याच संस्थेचा नकाशा फोनमध्येही आधीच उतरवून ठेवा.

पहिल्या दिवशी सँ-बोने-त्रोंसे या गावाशेजारच्या तळ्याला वळसा घाला. वाट सोपी आहे, आई-बाबांसकट बसत-उठत दोन तास धरा. उन्हाळ्यात इथे पोहणाऱ्यांची गर्दी असते, ऑक्टोबरात बदकं आणि एखाद-दुसरा गळ टाकून बसलेला म्हातारा. पाण्याकाठी प्रकाश असल्यामुळे बीच आणि हॉर्नबीम ही झाडं इथे आधी रंगतात. जवळच त्रोंसेचं तळं आहे. त्याच्या काठी जुन्या लोखंड कारखान्याच्या इमारती दिसतील. म्हणजे ज्या भट्ट्यांनी जंगल खाल्लं, त्यांच्याच पाण्याकाठी आज सगळ्यात सुंदर वाटा आहेत. इल-ए-बार्दे गावाकडचं पिरोचं तळं आणखी मोठं. ते बेरी कालव्याला पाणी पुरवायला बांधलं होतं. वेळ उरला तर तिथे पक्षी बघायला जा, नाहीतर सोडा.

दुसरा दिवस फ्युते कोल्बेरसाठी ठेवा, आणि सकाळच ठेवा. धुकं असेल तर हॉटेलात थांबू नका, उलट लवकर निघा. पूर्ण वाढलेल्या ओकरानात धुकं उतरतं तेव्हा खोडांच्या रांगा एकामागून एक पुसट होत जातात आणि वरून थेंबांचा आवाज येत राहतो, पाऊस नसतानाही. इथे अंतर मोजू नका. एखाद्या किलोमीटरला तास लागला तरी चालेल. एका खोडाशी थांबून बघा: पहिली फांदी किती उंचीवर आहे? वीस मीटरपर्यंत खोडाला गाठ नाही, हे आपोआप होत नाही. ओकाच्या खोडाला थेट ऊन लागलं की सालीतून बारक्या फांद्या फुटतात आणि लाकडात गाठी पडतात. म्हणून ओकांच्या मध्ये मुद्दाम बीच आणि हॉर्नबीमचा खालचा मजला राखतात. ते खोडाला सावली देतात, ओक प्रकाशासाठी वर पळतो. आपल्याकडे सागाच्या लागवडीत विरळणी बघितलेल्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो.

शेजारच्या कक्षात (कक्ष म्हणजे वनखात्याने आखलेला जंगलाचा तुकडा; इथे प्रत्येक कक्षाला नंबर आहे आणि तो झाडांवर रंगवलेला असतो) कदाचित विचित्र दृश्य दिसेल: मोजके प्रचंड ओक, आणि त्यांच्या पायथ्याशी कमरेएवढ्या रोपांचा गालिचा. आमच्या एका पाहुण्या बाईंनी "किती निर्दयपणे जंगल तोडलंय" म्हणून हळहळ व्यक्त केली होती. वास्तविक ते जंगलाचं बाळंतपण चाललेलं असतं. बलुतं भरपूर धरतील असं वर्ष कधी येईल, याचा नेम नसतो. वनाधिकारी त्याची वाट बघतात. मग झाडं थोडी विरळ करून जमिनीला उजेड देतात, रोपं तगली की टप्प्याटप्प्याने आईबापांना काढतात. एका हेक्टरात हजारो रोपं सुरू होतात आणि दोनशे वर्षांनी शंभराच्या आत झाडं उरतात. तोडीच्या झाडावर सालीचा चतकोर तासून शिक्क्याच्या हातोड्याने ठसा मारलेला असतो. बाबांना तो दाखवा, बहुतेक ते तुम्हालाच दाखवतील.

या लाकडाचं पुढे काय होतं? रेताड-चिकण, फारशी सुपीक नसलेली जमीन आणि दाटी, यामुळे इथला ओक हळू वाढतो. वाढीची वलयं अगदी जवळजवळ असतात. वाइन आणि कोन्याक ब्रँडीची पिंपं करणाऱ्यांना हेच हवं असतं. पिंपाच्या फळ्या करवतीने कापत नाहीत, लाकडाच्या रेषेनुसार फोडतात, मग दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पावसात मुरवतात. नाशिककडच्या एखाद्या वायनरीत फ्रेंच ओकचं पिंप बघितलं असेल, तर त्याचं माहेर अशा एखाद्या कक्षात असतं.

तिसऱ्या दिवशी नाव दिलेल्या झाडांपैकी दोन-चार आणि विल्झोचा झरा. चौकोनी बुंध्याचा "शेन कारे", जुळे ओक, वर सांगितलेला स्टेबिंग. सगळे एका दमात चालत करायचा हट्ट नको. ते जंगलभर विखुरलेले आहेत, गाडीने जवळ जाऊन थोडं चाला. विल्झोच्या झऱ्याची गंमत आईंना आवडेल: लग्नाळू मुली त्यात टाचणी टाकत आणि ती तळाशी रुतली की कुणाचं तरी हृदय टोचलं असं समजत. एका ओकाची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जर्मन ताब्याच्या काळात, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचा, म्हणजे विशी सरकारचा प्रमुख मार्शल पेतँ १९४०च्या नोव्हेंबरात इथे आला आणि एका झाडाला त्याचं नाव देण्यात आलं. पुढे प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी त्या झाडाला मृत्युदंड ठोठावून त्यावर गोळ्या झाडल्या. झाड जगलं, नाव गेलं. आता ते प्रतिकाराचा ओक म्हणून ओळखलं जातं. या म्हाताऱ्या झाडांच्या बुंध्याशी गर्दी करून मुळं तुडवू नका, आणि वारा सुटलेला असेल तर त्यांच्याखाली डबा उघडू नका. वाळक्या फांद्या पडतात.

वाट चुकण्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण इथला खरा धोका तोच आहे. सह्याद्रीत चुकलो तर सुळका बघून, पाण्याचा आवाज ऐकून अंदाज येतो. त्रोंसेत सगळ्या दिशा सारख्याच. शिवाय जंगलात जागोजागी "रों" आहेत, म्हणजे गोल चौक. तिथे सहा-सहा, आठ-आठ सरळ रस्ते ताऱ्यासारखे येऊन मिळतात आणि सगळे हुबेहूब सारखे दिसतात. मी स्वतः पहिल्या वर्षी एका चौकात सँडविच खाल्लं, झाडाभोवती फिरून आलो आणि पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या रस्त्याला लागलो. गाडी होती त्याच्या विरुद्ध टोकाला, अंधार पडता पडता बाहेर निघालो. तेव्हापासून चौकात शिरताच पाठीवरची सॅक आलो त्या रस्त्यावर ठेवतो, मगच बसतो. तुम्हीही तेच करा. चौकांना नावांच्या पाट्या असतात, त्या नकाशाशी ताडून पाहायची सवय पहिल्या तासातच लावून घ्या.

खुणांची भाषाही शिका. झाडावर पिवळा आडवा पट्टा म्हणजे स्थानिक फेरी. पांढरा-लाल जोडपट्टा म्हणजे लांब पल्ल्याची राष्ट्रीय वाट, पिवळा-लाल म्हणजे प्रदेशाची फेरी. फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. नुसता पांढरा पट्टा आणि आकडा मात्र वाटेची खूण नाही, ती वनखात्याची कक्षाची हद्द. नवखे लोक तिच्यामागे जातात आणि काट्यांत अडकतात.

आता ऑक्टोबर. हरणांच्या माजाचा काळ, म्हणजे काळविटाएवढे नव्हे तर आपल्या सांबराएवढे मोठे नर रात्री डरकाळ्या फोडतात तो, साधारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर असतो. तुम्ही पोचाल तेव्हा शेवटचे आवाज कानी पडले तर पडतील. संध्याकाळी रस्त्याकडेला गाडी उभी करून, दिवे बंद करून, काचा खाली करून ऐका. टॉर्च घेऊन आत शिरू नका.

शिकारीचा हंगामही चालू असतो. फ्रान्समध्ये सरकारी जंगलात शिकार कायदेशीर आहे आणि त्रोंसेत घोडे आणि कुत्र्यांच्या टोळीनिशी होणारी जुन्या पद्धतीची शिकारही चालते. मला ती आवडत नाही, पण शिंग वाजल्याचा आवाज जंगलभर घुमतो तेव्हा अंगावर काटा येतो हेही खरं. बंदुकीच्या शिकारीच्या दिवशी वाटांवर सूचनेचे फलक लावतात. फलक दिसला की वाद न घालता दुसरा भाग निवडा. कोणत्या दिवशी कुठे शिकार आहे हे गावच्या पर्यटन कार्यालयात किंवा नगरपालिकेत विचारलं की सांगतात. सगळ्यांनी भडक केशरी किंवा पोपटी जाकीट घाला. आईंची चॉकलेटी शाल जंगलात नको.

गोचिडांना मात्र हसू नका. इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला बघा. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो, तो घेऊन ठेवा. तेल, रॉकेल, काडी लावू नका, सरळ फिरवून काढा आणि तारीख लिहून ठेवा. त्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर भारतात परतल्यावरही डॉक्टरांना ही तारीख सांगा. अळंब्या ऑक्टोबरात सगळीकडे दिसतील आणि स्थानिक लोक टोपल्या घेऊन हिंडताना भेटतील. तुम्ही फोटो काढा.

वाटा वरून कोरड्या दिसल्या तरी खाली चिकणमाती असते आणि लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं. कातळावर छान पकड देणारे आपल्याकडचे पातळ बूट इथे तासाभरात भिजतात. घोट्यापर्यंतचे पाणी न शिरणारे बूट घ्या, आई-बाबांना काठी द्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर सूर्य सहाच्या आत मावळतो. दुपारी चारला परतीच्या वाटेवर असलेलं बरं. अडचण आली तर ११२ नंबर, आणि फोनवर कक्षाचा आकडा किंवा चौकाचं नाव सांगा.

पोचायचं कसं? पॅरिसहून रेल्वेने सँतामाँ-मोंरों किंवा मोंल्युसोंपर्यंत येता येतं, पण जंगलातल्या गावांना बस जवळजवळ नाहीच, तेव्हा भाड्याची गाडी घ्यावी लागेल. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा. अंधार पडल्यावर जंगलातल्या सरळ रस्त्यांवर वेग कमी ठेवा. रानडुक्कर गाडीचे दिवे बघून थांबत नाही.

मुक्काम सेरियी किंवा सँ-बोनेच्या आसपास एखाद्या घरगुती निवासात करा, स्वयंपाकघर असलेल्या. आई शाकाहारी असतील तर या भागाचा बटाट्याचा "पाते" विचारा. मैद्याच्या पापुद्र्यात बटाट्याचे काप आणि वरून ओतलेली साय. कधी कधी आत मांसाचे तुकडे घालतात, म्हणून विचारूनच घ्या. जेवणाची वेळ बारा ते दोन. अडीचला खानावळ बंद, आणि रविवारी दुपारनंतर ते सोमवार संपेपर्यंत गावातली बरीच दुकानं बंद. तुमचे तीन दिवस शनिवारी सुरू होत असतील, तर पाव, दूध आणि भाजी शनिवारीच भरून ठेवा.